सत्तावन्न अधिक एक

१८ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. रिटायर झाल्यापासून डिसिप्लिन गेली आहे.

बायकोच्या, बुआलॉयच्या, पोटात उजवीकडे दुखतं. तालुक्याच्या डॉक्टरने पोटावर मशीन फिरवलं आणि यकृतावर सावली दिसते म्हणाला. जिल्ह्याच्या इस्पितळात दाखवा, तारीख सहा मार्च. सावली म्हणजे काही रोग नव्हे. सावली कशाचीही पडते.

संध्याकाळी तिची थोरली बहीण लमाय आली. दारातूनच सुरू झाली. बत्तीस वर्षं बाजारात बसून केळमुळी मासे तळलेस, वळवळत्या जिवांना हळद-लसूण चोळून उकळत्या तेलात सोडलंस, आता ते जीव तुझ्या मागे लागलेत. उपाय एकच. तेच मासे तेवढ्याच प्रेमाने नदीत सोडा. वय अधिक एक. बुआलॉयला सत्तावन्न पूर्ण, म्हणजे अठ्ठावन्न मासे. अधिकचा एक येणाऱ्या वर्षासाठी.

बुआलॉय म्हणाली, अगं लमायताई, त्या माशांपैकी निम्मे तूच खाल्लेस, तुला कसं काही होत नाही?

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी तीस वर्षं नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात काढली आहेत. पण करायचंच तर सायंटिफिक करावं. लोक बाजारातून अर्धमेले मासे उचलतात, घाटापर्यंत निम्मे पिशवीतच आटोपतात. मी टाकीत ठेवून, खाऊ घालून, तगडे करून सोडणार. बुआलॉयचा जन्म बुधवारचा, म्हणून बुधवारी सकाळी, विहाराच्या घाटावर, भिक्षूंच्या आशीर्वादासह.

संकल्प: काम होईपर्यंत मासे बंद. तांदळाची दारू बंद.

२० फेब्रुवारी, बुधवार
बंद पडलेल्या सलूनमधून काचेची टाकी आणली. पुढच्या खोलीत, बुआलॉयच्या खाटेला लागून ठेवली. तिने विचारलं, इथेच का? म्हटलं, प्लग इथेच आहे. शिवाय तुला करमणूक.

वाळू शेजाऱ्याच्या कुंपणाच्या कामातली उरलेली. पाणी थेट नळाचं. या गावात नळाच्या पाण्याबद्दल मला कुणी शिकवू नये.

उदोम कोळी पहिला हप्ता घेऊन आला. गेली वीस वर्षं बुआलॉयला मासे तोच पुरवतो. बोटभर लांब, वाळूच्याच रंगाचे, घोड्यासारखं लांबट तोंड. केळीच्या मुळीसारखे दिसतात म्हणून केळमुळी. पाण्यात सोडल्याबरोबर सगळ्यांनी खाली सूर मारला आणि वाळूत गडप. दोन-चार जणांचे डोळे तेवढे वर. फार समाधान वाटलं.

२१ फेब्रुवारी, गुरुवार
एकही दिसत नाही. हा त्यांचा स्वभावच आहे. दिसत नाही म्हणजे मजेत आहे.

२४ फेब्रुवारी, रविवार
अजून दिसत नाहीत. म्हणजे चांगलेच रुळले. खोलीत थोडा वास येतो. नव्या टाकीचा असणार.

बुआलॉय म्हणते वास तिच्या ओळखीचा आहे. आजारी माणसाचं नाक तीक्ष्ण होतं.

२५ फेब्रुवारी, सोमवार
सगळे मेले होते. पहिल्याच दिवशी मेले असावेत. वाळूतच, आडवे. काही जणांची पोटं खरचटलेली, कारण वाळू टोकदार होती. बाकी कारण क्लोरीन.

बुआलॉयने खाटेवरूनच विचारलं, नुचचे बाबा, तीस वर्षं तुम्ही त्या पाण्यात काय घालत होतात?

माझ्या वेळी डोस इतका नव्हता. माझ्या जागी जो आलाय त्याला अक्कल नाही. तक्रार करणार आहे.

मेलेले मासे अंगणात केळीच्या बुंध्याशी पुरले. लमायला सांगायचं नाही असं ठरलं. बुआलॉय हसली आणि मग बराच वेळ पोट धरून पडून राहिली.

२८ फेब्रुवारी, गुरुवार
नव्याने सुरुवात. अपयश हीसुद्धा एक टेस्ट असते.

बुआलॉयच्या धंद्याची बाजूगाडी लावलेली मोटरसायकल काढली. तेलाचा वास अजून गाडीला आहे. नदीचं पाणी उतरलंय, मधला वाळूचा पट्टा उघडा पडलाय. तिथून मऊ वाळू आणि नदीचंच पाणी बादल्यांनी आणलं. उदोमने मदत केली. नदीच्या वरच्या अंगाला वाळू उपसणारी बोट घरघर करत होती. उदोम म्हणाला, काका, दोन वर्षांत हा पट्टापण नसेल, मग केळमुळ्या काय तुमच्या नळात राहणार?

वर फुकटचा सल्लाही दिला. घाटावर सोडू नका, तिथे गाळ आहे आणि मोठाले सवाय मासे आहेत, इथेच उथळ पाण्यात सोडा. मी काय तो समजलो. इथे सोडले की हाच संध्याकाळी पकडणार आणि मलाच परत विकणार. शिवाय वाळूच्या पट्ट्यावर भिक्षू नाहीत. आशीर्वादाशिवाय सोडलेला मासा म्हणजे नुसता सुटलेला मासा.

२ मार्च, शनिवार
उदोम रोज थोडे थोडे आणून देतो. टाकीत किती झाले सांगता येत नाही, कारण दिसत नाहीत.

बुआलॉय म्हणते, मी बाहेर गेलो की सगळे बाहेर येतात. दिवस कलला की तळाशी सरपटतात, तोंडाने वाळू घेतात आणि कल्ल्यांतून सोडतात. म्हणाली, चाळणीने तांदूळ निवडावेत तसं चालतं यांचं. मी आलो की पुन्हा गडप. मी विश्वास ठेवत नाही.

विटेचा एक तुकडा फिल्टरच्या नळीला टेकू म्हणून ठेवलाय. त्याच्या मागे एक जण राहतो म्हणे. तो कधीच बाहेर येत नाही, नुसते डोळे वर काढून तिच्याकडे बघत बसतो. तिने त्याला घरमालक नाव ठेवलंय. म्हणाली, बत्तीस वर्षांत यांचे डोळे असे कधी बघितलेच नव्हते, तेलात पडले की पांढरे होतात.

मी विटेमागे बघितलं. कुणी नव्हतं.

५ मार्च, मंगळवार
उद्या इस्पितळाची तारीख. बुआलॉयने सकाळीच पिशवी भरून ठेवली. टॉवेल, दोन लुंग्या, दात घासायचा ब्रश, नुचचा लहानपणीचा फोटो.

पण मासे भरलेले नाहीत. लमायचं म्हणणं, मागे लागलेल्या जिवांना मोकळं केल्याशिवाय अंगाला सुरी लावून घेणं म्हणजे त्यांना उघड आव्हान. मी अंधश्रद्धाळू नाही, पण एक प्रोजेक्ट अर्धवट असताना दुसरं सुरू करू नये, हे नोकरीत शिकलो. शेवटी फोन करून तारीख पुढची घेतली. तीन एप्रिल. तीही बुधवारच आहे. उत्तम.

 बुआलॉयने पिशवी न उघडता पायाने खाटेखाली सरकवली.

नुचचा रयोंगच्या कारखान्यातून फोन. खूप ओरडली. बाबा, मासे महत्त्वाचे की आई?  पोरीचा आवाज आईवर गेलाय. पूर्वीच्या आईवर.

९ मार्च, शनिवार
बुआलॉयचे डोळे पिवळट वाटतात. हातही. बत्तीस वर्षं हळद हाताळलेली, रंग चढणारच.

जेवण कमी केलंय तिने. बरंच आहे, पोटाला विश्रांती. पेज दोन चमचे. मला मात्र अंडं तळून तळून कंटाळा आला.

१२ मार्च, मंगळवार
बाजारात बुआलॉयच्या जागेवर आता दुसरीच बाई बसते. तिच्या केळमुळ्या कशा असतात याचा अभ्यास करणं भाग होतं. एक ताट घेतलं. भातही घेतला, नुसते मासे खाल्ले तर अंदाज येत नाही.

कुरकुरीत नाहीत. लसूण करपलेला. बुआलॉयच्या हाताची सर नाही. खात्री करून घ्यायला आणखी एक ताट घेतलं. बाईने विचारलं, काका, मावशी कशी आहे? म्हटलं, उत्तम, लवकरच येतेय जागा परत घ्यायला. तिने पैसे घेतले नाहीत. मला ते आवडलं नाही.

संकल्प मोडला असं होत नाही. घरी खाल्ले असते तर मोडला असता. पेल्यातलं तेवढं नुसतं घसा ओला करण्यापुरतं.

१६ मार्च, शनिवार
मोजणी. एक पद्धत शोधून काढली. वाळूवर दिसणारे डोळे मोजायचे आणि दोनने भागायचं. संख्या विषम आली. पुन्हा मोजले. पुन्हा विषम. एक डोळा बंद करून बसणारा कोणीतरी आहे.

बुआलॉय म्हणाली, मीच बसते एक डोळा मिटून, मला धरलंत की काय?

आज तिला हसता आलं, म्हणजे सुधारणा आहे. पोट जरा फुगलंय. इतके दिवस आत गेलं होतं, त्यामानाने भरलेलं बरं दिसतं.

१९ मार्च, मंगळवार
उद्या सोडणार. दिवसभर जाळीने मासे काढले. वाळू दोनदा चाळली. वीट हलवता येत नव्हती, फिल्टरची नळी तिच्यावर आहे.

सत्तावन्न निघाले. तिसऱ्यांदा चाळली. सत्तावन्नच. उदोमला फोन केला, तो म्हणाला आता नदीत काही लागत नाही काका, वरच्या बोटीने सगळं ढवळलंय.

सत्तावन्न काय आणि अठ्ठावन्न काय. इतक्या वळवळत्या जिवांत मोजताना एखादा सुटतोच. मी अठ्ठावन्न धरले.

बुआलॉयने विचारलं, घरमालक आला का बादलीत? म्हटलं, सगळ्यात आधी तोच आला. तिला बघायचं होतं, पण बादलीत सगळे एकसारखे दिसतात. ती बराच वेळ वाकून बघत होती. मग म्हणाली, ओळखू येत नाही, मीच नीट बघितलं नसेल.

२० मार्च, बुधवार
मोहीम फत्ते.

सकाळी बुआलॉयला बाजूगाडीत बसवलं. जिथे तिची कढई असायची तिथे आज ती. अगदी सहज मावली. तिने निळं लुंगी-ब्लाउज काढलं होतं, पण अंगाला ढिलं झालं, म्हणून नेहमीचंच घातलं. तेही चिमटे लावून घट्ट केलं.

घाटावर भिक्षूंनी पाली मंत्र म्हटले. लमाय डोळे मिटून हुंदके देत होती. बुआलॉयने बादलीला हात लावला, मी बादली उपडी केली. पाणी एकदम उकळी फुटल्यासारखं झालं. सवाय मासे नेहमीप्रमाणे घाटाशी घोळक्याने होते, विहारात येणारे त्यांना पाव टाकतात त्यामुळे हात हात लांब झालेत. त्यांनी आमच्या माशांचं जोरदार स्वागत केलं. क्षणात सगळं शांत. केळमुळ्यांनी थेट तळ गाठला असणार. वाळूत घुसण्याचा वेग काय असतो हे मी टाकीत पाहिलंच आहे.

घाटावर पाव विकणारी म्हातारी खिदळली. म्हणाली, बाबा, आज यांची पंगत चांगली झाली, माझा पाव आता कोण खाणार? अडाणी बाई. तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

बुआलॉय पाण्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. इतकी हसली की लमायने डोळे उघडले. म्हणाली, मी निदान लसूण तरी घालत होते.

अशक्तपणामुळे माणूस काहीही बोलतं.

परतताना तिने बाजूगाडीतून माझा शर्ट धरला होता. विचारलं, नुचचे बाबा, अधिकचा एक होता ना? म्हटलं, होता. म्हणाली, नक्की? म्हटलं, मी स्वतः मोजलेत. बरं झालं, म्हणाली, आणि शर्ट सोडला नाही.

२३ मार्च, शनिवार
आता फक्त परिणामाची वाट बघायची. टाकी रिकामी आहे पण बुआलॉय फिल्टर बंद करू देत नाही. तो आवाज ऐकत झोप लागते म्हणते.

२५ मार्च, सोमवार
बराच आराम पडलाय. आता कण्हत नाही. दिवसभर चादर गळ्यापर्यंत ओढून पडलेली असते, नुसते डोळे बाहेर. हाक मारली की माझ्याकडे वळतात. शांत आहे. लमायसुद्धा म्हणाली की चेहरा कसा मऊ झालाय.

बाजारात ज्याने त्याने विचारलं. सगळ्यांना सांगितलं की सुधारतेय.

२७ मार्च, बुधवार
बुआलॉय सकाळी माझ्याशी बोलली. आवाज ऐकू येईना म्हणून कान जवळ नेला. म्हणाली, ती पिशवी काढून ठेवता का? म्हटलं, कशाला, तीन तारखेला अजून वेळ आहे. म्हणाली, मला जायचंय हो. मला राहायचंय अजून.

कुठे राहायचंय ते नीट कळलं नाही. मी पिशवी खाटेखालून काढून पायथ्याशी ठेवली.

२८ मार्च, गुरुवार
नुच न सांगता आली, मैत्रिणीची गाडी घेऊन. आईला बघून दारातच उभी राहिली.  माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. आईला उचलून गाडीत ठेवलं, एकटीनेच. पिशवीही गेली.

जिल्ह्याचा डॉक्टर पोरगेलासा आहे. म्हणाला, महिन्यापूर्वी आला असतात तर निदान नळी टाकून कावीळ उतरवली असती, मग पुढचं काही बघता आलं असतं, दुखणं तरी एवढं सोसावं लागलं नसतं. तरुण डॉक्टर असेच बोलतात. अनुभव नसतो. त्याला मी माशांबद्दल सांगायला लागलो तेव्हा नुच उठून बाहेर गेली.

३१ मार्च, रविवार
बुआलॉय गेली. काल दुपारी. मी खाली चहा घ्यायला गेलो होतो. फक्त चहा.

३ एप्रिल, बुधवार
काल अंत्यविधी झाला. लोक खूप आले. बाजारातली ती दुसरी बाई स्वयंपाकाला उभी राहिली. मासे केले नव्हते.

सकाळी इस्पितळाच्या तारखा देणाऱ्या खिडकीतून फोन आला. आज तारीख होती, पेशंट आला नाही, येणार आहात का? बाई फार नम्र होत्या. त्यांना बहुतेक वॉर्डातलं काही कळलेलं नव्हतं. म्हटलं, नाही जमणार. त्यांनी विचारलं, पुढची तारीख देऊ?

७ एप्रिल, रविवार
लिहिण्यासारखं काही नाही. लमाय येऊन म्हणाली, मासे सोडले म्हणून तर त्रास न होता गेली. मी हो म्हटलं.

त्रास झाला होता. मी ऐकला आहे.

फिल्टर चालूच आहे. बंद करायचं सुचलं नाही.

१३ एप्रिल, शनिवार
सोंगक्रान, नव्या वर्षाचा सण. रस्त्यावर पोरं पाणी उडवतायत. नुच रजा वाढवून थांबली आहे. ती म्हणाली, बाबा, ती टाकी आज काढू या. दोघांनी पाणी उपसलं. वाळू बादलीत भरली. वर्षभर पायाला चिकटून विहारातून बाहेर गेलेली वाळू सोंगक्रानला परत नेऊन द्यायची असते, तिचे स्तूप करतात. तर ही वाळू आईच्या नावाने नेऊ, असं नुच म्हणाली. पहिल्यांदाच माझ्याशी एवढं बोलली.

विहाराच्या अंगणात सगळीकडे वाळूचे स्तूप, त्यावर कागदी झेंडे. आम्ही आमची बादली उपडी केली. वरून विटेचा तुकडा पडला. नुच हाताने वाळू थापायला लागली आणि एकदम हात मागे घेतला. वाळू हलली.

आधी तोंड. मग डोळे.

नुच म्हणाली, बाबा, हा जिवंत आहे. बाबा, पाणी.

मी त्याला मुठीत घेऊन नळाकडे धावलो. नळ सोडला आणि थांबलो. मग घाटाकडे धावलो. पायरीवर माझी सावली पडली तसे सवाय वर आले, सगळ्यांची तोंडं उघडी, पाव मागायला. मी तिथेच उभा राहिलो. मूठ घट्ट झाली होती. तो आतून बोटांच्या मध्ये तोंड खुपसत होता, खाली जायला वाट शोधत.

नुचने बादलीत ओली वाळू घातली आणि बाजूगाडी सुरू केली. मी त्याला तिच्यात सोडून आत बसलो, बादली मांडीवर. वाटेत पोरांनी आम्हाला भिजवलं. मी बादलीवर वाकून बसलो.

वाळूचा पट्टा दीड महिन्यात अर्धा राहिलाय. बोट आज सणामुळे बंद होती. घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून मी त्याला सोडला. तो गेला नाही लगेच. माझ्या पायाशी थांबला. मग वाळूत घुसला, शेपटी शेवटी. डोळे तेवढे थोडा वेळ वर होते.

नुच काठावरून म्हणाली, किती मासे सोडायचे होते? म्हटलं, अठ्ठावन्न. आणि किती सोडलेत? मी म्हटलं, आज झाले अठ्ठावन्न. ती रडली. मीही रडलो. तिने विचारलं नाही, मीच सांगितलं, अधिकचा एक येणाऱ्या वर्षासाठी असतो.

अंधार पडेपर्यंत बघत उभा होतो. दिसत नाही. दिसत नाही म्हणजे मजेत आहे असं मी इथे लिहिलंय, मागे कुठेतरी. आता फक्त दिसत नाही एवढंच लिहितो.